अंतोनी तापिएस

अंतोनी तापिएस (जन्म : बार्सिलोना, १३ डिसेंबर १९२३, मृत्यू : बार्सिलोना, ६ फेब्रुवारी २०१२) हे स्पेनमधील कॅटलान अमूर्त चित्रकार होते. चित्रकला ते बहुतांशी स्वतःच शिकले.

जीवन

तरुणपणी क्षयरोगामुळे त्यांना दीर्घकाळ विश्रांती घ्यावी लागली. त्या काळात व्हॅन गॉग व पिकासो यांच्या चित्रांच्या प्रतिकृती करून त्यांनी हात बसवला. पुढे कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून ते पूर्णवेळ चित्रकलेकडे वळले. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या 'दाऊ अल सेत' या कलावंतांच्या गटाचे ते संस्थापक सदस्य होते.

चित्रशैली

आरंभीच्या चित्रांवर अतिवास्तववादाचा प्रभाव दिसतो. १९५० च्या दशकात त्यांनी रंगात संगमरवराची भुकटी, वाळू व माती मिसळून जाड थर देण्यास आणि त्यावर ओरखडे, खाचा, फुल्या उमटवण्यास सुरुवात केली. त्यामुळे चित्र जुन्या भिंतीसारखे दिसू लागले. कॅटलान भाषेत 'तापिएस' या शब्दाचा अर्थही 'भिंती' असाच आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीत कॅटलान भाषा व संस्कृतीवर निर्बंध होते. अशा काळात ही भिंत दडपलेल्या आवाजाचे प्रतीक ठरली. १९६६ मध्ये राजवटविरोधी विद्यार्थ्यांच्या सभेला उपस्थित राहिल्याबद्दल त्यांना अटक व दंड झाला. 'कॅटलान आत्मा' (१९७१) या चित्रात पिवळ्या पृष्ठभागावर कॅटलान ध्वजाचे चार लाल पट्टे आणि भिंतीवर खरडावीत तशी अक्षरे आहेत.

सन्मान

१९९३ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांना सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. त्यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाचे संग्रहालय १९९० पासून बार्सिलोनात खुले आहे.