समुद्राचे मीठ आणि गळ्यातील ग्रंथी

‘डॉक्टर, आम्ही खडे मीठ खातो. ते समुद्राचंच, मग त्यात आयोडीन असणारच की!’ असे पुष्कळ जण म्हणतात. हा समज चुकीचा आहे. का, ते पाहू.

आपल्या गळ्याच्या पुढच्या बाजूस असलेली थायरॉइड ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून थायरॉक्सिन हे संप्रेरक बनवते. १९१२ साली गुडरनाट्श या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना या ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले. त्यांचे वेळेआधीच चिमुकले बेडूक झाले! शरीराला योग्य वेळी योग्य रूप देणे, हे या संप्रेरकाचे फार जुने काम आहे.

हे संप्रेरक ग्रंथीहूनही जुने आहे. समुद्रातील सी-अर्चिन हा काटेरी, गोल प्राणी पाहा. त्याला पाठीचा कणा नाही आणि थायरॉइडही नाही. त्याची पाण्यात तरंगणारी पिले सूक्ष्म शेवाळ खातात. या शेवाळात आयोडीन आणि थायरॉइड संप्रेरके असतात. थायरॉक्सिन दिले की ही पिले लवकर प्रौढ रूप घेतात, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे वाढीचा निरोप त्यांना अन्नातूनही मिळतो.

पुढची पायरी म्हणजे ॲसिडियन हे खडकाला चिकटून राहणारे सागरी प्राणी. त्यांच्या घशात अन्नकण पकडणारी एक चिकट खाच असते. तीच आयोडीनही साठवते. लॅम्प्रे या माशासारख्या प्राण्याच्या पिलातही अशी खाच असते आणि पिलू मोठे होताना तिचीच थायरॉइड ग्रंथी बनते. आपली ग्रंथी याच वंशातली.

ग्रंथी आली, तरी आयोडीन मात्र कोणतेच शरीर तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच यावे लागते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण आयोडीन जेमतेम ५० ते ६० मायक्रोग्रॅम. मीठ पिकताना त्यातलेही बरेचसे उरलेल्या पाण्यात राहते. शेवाळ आयोडीन साठवते, मीठ नाही. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम लागते, गरोदर स्त्रीला २५०.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. सी-अर्चिनच्या पिलाला जसे शेवाळ, तशी गर्भाला आई. तेव्हा आयोडीनची तीव्र कमतरता झाली, तर मुलाची बुद्धी आणि श्रवणशक्ती कायमची खुंटू शकते. ते नुकसान नंतर कोणत्याही टॉनिकने भरून येत नाही.

म्हणून घरात आयोडीनयुक्त मीठच आणा. ते झाकणाच्या बरणीत, ओल आणि उन्हापासून दूर ठेवा. मात्र आयोडीनसाठी मीठ वाढवू नका. दिवसाला एक लहान चमचा पुरे. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईला दिवस राहिले, तर गोळी बंद करू नये. लगेच डॉक्टरांना भेटून रक्त तपासून घ्यावे. मात्रा बहुधा वाढवावी लागते.