आधी स्वतःचा मास्क!

खरं सांगा, विमान धावपट्टीकडे निघालं की एअर होस्टेस पिवळा मास्क हातात धरून उभी राहते, तेव्हा तुम्ही काय करत असता? शेवटचा सेल्फी, नाहीतर ‘बसलो गं आई’ असा मेसेज. मीही तेच करायचे.

२० सप्टेंबर २०१८. मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनमधल्या हवेचा दाब सांभाळणारा स्विच सुरू करायचाच राहिला. विमान वर चढलं, डोक्यावरचे मास्क धडाधड खाली आले. १६६ प्रवाशांपैकी तीसेक जणांच्या नाकाकानांतून रक्त आलं. विमान मुंबईला परत आणावं लागलं.

दाबाला एवढं महत्त्व का? विमान ३५ हजार फुटांवर उडतं, म्हणजे एव्हरेस्टच्याही सहा हजार फूट वर. तिथे हवा इतकी विरळ, की श्वास घेऊनही रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून केबिनमध्ये हवा दाबाने भरतात. आत आपल्याला सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडंसंच उंच.

हा दाब त्या उंचीवर अचानक गेला, तर डोकं ताळ्यावर राहतं साधारण ३० ते ६० सेकंद. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, धोकाच, आपल्याला काही होतंय हे कळतही नाही. उलट छान हलकं वाटू शकतं. २००५ मध्ये हेलिओस एअरवेजच्या विमानात दाब हळूहळू कमी होत गेला. वैमानिकांना कारण कळायच्या आत शुद्ध हरपली. ग्रीसमध्ये विमान कोसळून १२१ जण गेले.

म्हणूनच ‘आधी स्वतःचा मास्क, मग दुसऱ्याचा’. शेजारी धाकटा भाऊ असला तरी! हा स्वार्थ नाही. त्याचा मास्क लावता लावता तुमचीच शुद्ध गेली, तर दोघांकडे बघणार कोण?

मग नेमकं काय करायचं? मास्क जोरात खाली ओढा, त्यानेच ऑक्सिजन सुरू होतो. नाक आणि तोंड, दोन्ही झाका. २०१८ मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानाची खिडकी फुटली, तेव्हाच्या फोटोत कित्येकांनी फक्त तोंड झाकलेलं दिसतं! पिशवी फुगली नाही तरी घाबरू नका, ऑक्सिजन येत असतो. जळका वास आला, तर तो बहुतेक वेळा ऑक्सिजन तयार करणाऱ्या यंत्राचा असतो. पट्टा बांधलेला ठेवा.

मग विमान झपाट्याने खाली जाईल. पोटात गोळा येईल, पण ते ‘पडत’ नसतं. वैमानिक मुद्दामच ते दहा हजार फुटांवर आणत असतो. तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. मास्कमधला ऑक्सिजन साधारण १२ मिनिटं पुरतो आणि खाली यायला सहसा त्याहून कमी वेळ लागतो.

तर पुढच्या वेळी ती ताई मास्क दाखवेल, तेव्हा दोन मिनिटं मान वर करा. स्टोरी नंतरही टाकता येते.