बॅकअप आहे, हे कशावरून? : टेपवरून माहिती परत आणण्याविषयी

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत संगणकाच्या टेपचा विषय कुठून आला, असं काही श्रोत्यांनी आत येतानाच विचारलं. उत्तर सोपे आहे. "आमच्याकडे बॅकअप आहे" हे ज्ञानाविषयीचे विधान आहे. अशा कोणत्याही विधानाला जो प्रश्न विचारायचा, तोच इथेही विचारायचा : कशावरून?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. एखादे ज्ञान खरे आहे हे कशाने कळते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वाद चालला. मीमांसक म्हणतात, ज्ञान आपले प्रामाण्य आपल्याबरोबरच घेऊन येते. ते खोटे ठरवणारे काही समोर येईपर्यंत ते खरेच धरायचे. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, तसं नाही. लांबवर पाणी दिसले, पण ते पाणी की मृगजळ, हे नुसत्या दिसण्यावरून ठरत नाही. तिथपर्यंत जा, ओंजळ भरा, प्या. तहान भागली तर ते ज्ञान खरे. म्हणजे प्रामाण्य बाहेरून, सफल झालेल्या कृतीतून कळते. हे परतःप्रामाण्य.

रोजच्या व्यवहारात आपण बहुधा मीमांसक असतो, आणि ते बरेच आहे. प्रत्येक गोष्ट तपासत बसलो तर घराबाहेर पडणे व्हायचे नाही. बॅकअपच्या बाबतीत मात्र नैयायिकच व्हावे लागते, असे आमचे म्हणणे आहे. बॅकअप घेतला म्हणजे लांबवर पाणी दिसले. रिस्टोअर केला, म्हणजे टेपवरची माहिती परत उतरवून उघडून पाहिली, की ते पाणी प्यालो.

दोन घडलेल्या गोष्टी सांगतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली गेली आणि मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या एकापेक्षा जास्त व्यवस्था नावाला होत्या. पाहू गेले तर रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे निघतच नव्हता, आणि तसे कळवणारे ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. योगायोगाने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी एक प्रत काढलेली होती. तिच्यावर काम निभावले. मधल्या सहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी गेल्या. हे सगळे कंपनीने स्वतःच जगजाहीर केले, म्हणून आपल्याला माहीत आहे.

दुसरी गोष्ट फेब्रुवारी २०११ ची, जीमेलची. साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष शिरला आणि सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. गूगल प्रत्येक ईमेलच्या प्रती अनेक डेटा सेंटरांत ठेवते. पण दोष सॉफ्टवेअरचाच असल्याने तो एकाहून अधिक प्रतींपर्यंत पोचला. वाचली ती टेप, कारण ती जाळ्याला जोडलेली नव्हती. टेपवरून पत्रे परत आणायला वेळ लागला, पण ती आली. म्हणजे पहिल्या ठिकाणी बॅकअप घेण्याची योजना होती आणि दुसऱ्या ठिकाणी बॅकअप होता. घटनेच्या आदल्या दिवशी या दोहोंतला फरक वरवर पाहून कोणालाच सांगता आला नसता.

आता टेपकडे वळू. आज सर्रास वापरात असलेल्या टेपला एलटीओ म्हणतात. तिची पहिली पिढी २००० साली आली, क्षमता १०० जीबी. २०२१ च्या नवव्या पिढीत हा आकडा १८ टीबी झाला. आम्ही ज्या टेपविषयी बोलणार आहोत ती तिसऱ्या पिढीची, ४०० जीबीची. अर्धा इंच रुंद आणि ६८० मीटर लांब पट्टी. तिच्यावर ७०४ रेघा असतात. एका वेळी सोळा रेघा लिहीत ड्राइव्ह या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि उलटा येतो. टेप पूर्ण भरायला अशा ४४ फेऱ्या लागतात. हिशेब केलात तर जवळजवळ तीस किलोमीटरचा प्रवास होतो. सेकंदाला ८० एमबी या पूर्ण वेगानेही सव्वा तासाहून अधिक वेळ जातो. हार्ड डिस्कसारखे हवे तिथे चटकन जाता येत नाही. टेपच्या बहुतेक आज्ञा अशा का आहेत, याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

उदाहरण म्हणून एका लहान ग्रंथालयाचे काम घेऊ. तिथे पूर्वी आसपासच्या घरांतल्या पोथ्या आणून स्कॅन केल्या होत्या आणि मूळ पोथ्या मालकांना परत दिल्या होत्या. पुढे हार्ड डिस्क गेली. काही घरांतल्या पोथ्याही आता उरलेल्या नाहीत. राहिल्या त्या कपाटातल्या टेप. त्या वाचण्याच्या कामात आम्ही काही निवृत्त मंडळी आणि एक तरुण संगणकवाला, असे बसलो होतो.

पहिला प्रश्न ड्राइव्हचा. सातव्या पिढीपर्यंतचा ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचू शकतो. आठव्या आणि नवव्या पिढीत ही सवलत एका पिढीवर आली. म्हणजे तिसऱ्या पिढीच्या टेपला तिसरा, चौथा किंवा पाचवा ड्राइव्ह हवा. नवाकोरा ड्राइव्ह विकत आणून उपयोग नाही. टेप जपली आणि ड्राइव्ह विकून टाकला, तर पोथी आहे पण लिपी येत नाही, अशी गत होते.

ड्राइव्ह मिळाला. टेप आत सरकवण्याआधी कॅसेटवरचा लेखनबंदीचा खटका लावायचा. याचे कारण पुढे येईलच.

आता आज्ञा. पडद्यावर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथे आम्ही उच्चाराने सांगतो. लिनक्समध्ये दोन साधने पुरतात. 'एमटी' टेप पुढेमागे हलवते, आणि 'टार' तिच्यावरचे लिहिते-वाचते. टार म्हणजे 'टेप आर्काइव्ह'. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ते आहे, आणि नावातच त्याचा जन्म कशासाठी झाला ते आले.

ड्राइव्हला संगणकात दोन नावे असतात : 'एसटी-शून्य' आणि 'एनएसटी-शून्य'. यंत्र एकच. पहिल्या नावाने हाक मारली तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने मारली तर जिथे आहे तिथेच थांबते. एका टेपवर एकामागून एक अनेक बॅकअप असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी एक खूण असते. 'एमटी'ला 'एफएसएफ तीन' म्हटले की तीन खुणा ओलांडून ती चौथ्या बॅकअपच्या तोंडाशी उभी राहते. पण हे पहिल्या नावाने केले, तर टेप इमानाने तिथवर जाईल आणि लगेच गुंडाळून परत येईल. मग आपण चौथा समजून पहिलाच बॅकअप वाचत बसू. म्हणून नेहमी 'एनएसटी' वापरायचे, आणि प्रत्येक पायरीआधी 'एमटी स्टेटस' विचारून आपण कितव्या फाइलपाशी आहोत ते पाहायचे.

त्यानंतर टार. त्याची तीन अक्षरे लक्षात ठेवा. 'टी' म्हणजे नुसती यादी दाखव. 'एक्स' म्हणजे बाहेर काढ. 'सी' म्हणजे नवीन तयार कर. 'एक्स'च्या जागी 'सी' पडला तर वाचायला आणलेल्या टेपवर लिहिणे सुरू होते. टेपच्या सुरुवातीला थोडेसे जरी लिहिले गेले, तरी तिथेच 'माहिती इथे संपली' अशी खूण पडते आणि पुढचे सगळे असूनही नसल्यासारखे होते. 'एक्स' आणि 'सी' ही कळफलकावर शेजारी-शेजारी आहेत. आता कळलं ना, खटका आधी का लावायचा?

आम्ही 'टी' देऊन यादी मागितली. यादी आली नाही; मेमरी अपुरी आहे, अशा अर्थाचा संदेश आला. नवखा माणूस इथे संगणकाची मेमरी वाढवायला धावतो. पण संदेशाचा अर्थ वेगळा होता. टेपवर माहिती ठोकळ्यांनी लिहिलेली असते. टार न सांगता दहा हजार दोनशे चाळीस बाइटचा ठोकळा धरून चालतो. लिहिणाऱ्याने मोठा ठोकळा वापरला असेल, तर तो या छोट्या भांड्यात मावत नाही, एवढीच तक्रार असते. 'बी' हा पर्याय देऊन भांडे मोठे केले आणि यादी धडाधडा उतरू लागली. बॅकअप घेताना वापरलेली आज्ञा कॅसेटच्या वेष्टनावर कोणी लिहून ठेवली असती, तर आमची ती दुपार वाचली असती.

यादी दिसली म्हणजे काम झाले का? नाही. टारच्या यादीत प्रत्येक फाइलचे नाव, आकार आणि तारीख असते. आतली पाने ठीक आहेत की नाहीत हे तिथे कळत नाही. आता 'एक्स'. इथे एक नियम पाळायचा : माहिती जुन्या जागेवर कधीही उतरवायची नाही. नवा, रिकामा फोल्डर करायचा आणि मोठा 'सी' देऊन टारला तिथे पाठवायचे. मोठा 'सी' म्हणजे 'त्या फोल्डरात जा'. लहान 'सी' तो घातक. अक्षर एकच आहे, म्हणून सावध राहा.

आता सगळ्यात नाजूक भाग. रविवारी पूर्ण बॅकअप आणि नंतर रोज फक्त बदललेल्या फाइलींचा, अशी सर्वसाधारण पद्धत असते. परत आणताना याच क्रमाने जायचे : आधी पूर्ण, मग सोमवार, मग मंगळवार. ग्रंथालयात हे क्रमाने केले आणि पोथ्या नोंदवहीतल्यापेक्षा जास्त निघाल्या! कमी भरल्या असत्या तर सगळे घाबरले असते. जास्त भरल्या म्हणून मंडळी खूश झाली. पण जास्त भरणे हीसुद्धा चूकच आहे. झाले होते असे की, एक पोथी आधी चुकीच्या ग्रंथकाराच्या नावाखाली नोंदली होती. कोणीतरी अभ्यासकाने ती तपासून नाव दुरुस्त केले आणि जुना फोल्डर काढून टाकला. रविवारच्या टेपवर चुकीचे नाव होते, मंगळवारच्या टेपवर बरोबर नाव. दोन्ही एकावर एक उतरवल्यावर दोन्ही नावे शेजारी-शेजारी उभी राहिली. एका माणसाची मेहनत पुसली गेली, आणि मारलेली चूक पुन्हा जिवंत झाली.

वैशेषिकांनी पुढे अभावालाही पदार्थ मानले ते का, हे इथे समजते. जमिनीवर घडा नाही, हेही त्या जमिनीविषयीचे ज्ञान आहे. त्यातही प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू होती आणि आता नष्ट झाली हा अभाव, वेगळा मोजला जातो. चांगल्या बॅकअपमध्ये काय आहे याबरोबर काय नाही याचीही नोंद लागते. ग्नू टारमध्ये ती सोय आहे. बॅकअप घेताना 'लिस्टेड-इन्क्रिमेंटल' हा पर्याय दिलेला असेल, तर त्या दिवशी प्रत्येक फोल्डरात कोणकोणत्या फाइली होत्या त्याची यादी टेपवर जाते. परत आणतानाही तोच पर्याय द्यायचा. यादीच्या फाइलच्या जागी 'डेव्ह-नल' लिहिले तरी चालते. मग टार त्या यादीत नसलेल्या फाइली काढून टाकतो आणि फोल्डर हुबेहूब त्या दिवसासारखा होतो. हो, इथे रिस्टोअर करणारे साधन फाइली पुसते! म्हणूनच रिकाम्या फोल्डरचा आग्रह. आमच्या टेपवर ही यादी होती. पुन्हा पहिल्यापासून, या पर्यायासह उतरवले, तेव्हा नोंदवही जुळली.

एवढ्यावरही संपले नाही. पोथ्यांची वर्णने टाइप केलेली फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाइल शाबूत होती, पण युनिकोडच्या आधीच्या काळातल्या एका मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. फॉन्ट कोणी बॅकअपमध्ये घेतलाच नव्हता. तो दुसरीकडे शोधून बसवला, तेव्हा मजकूर वाचता आला. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे लक्षात ठेवावे : बाइट परत आले म्हणजे मजकूर परत आला असे नाही.

कोणी म्हणेल, एलटीओ ड्राइव्ह तर लिहिता लिहिताच मागून वाचून तपासतो. बरोबर आहे. पण त्यातून एवढेच कळते की लिहिले ते त्या दिवशी वाचता येत होते. जे लिहायला हवे होते तेच लिहिले का, आणि ते आज, दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या यंत्रावर वापरता येईल का, हे ड्राइव्ह सांगू शकत नाही. तहान त्याला लागलेली नसते.

मग रोज सगळी टेप उतरवायची का? तेवढी गरज नाही. उत्तरकालीन नैयायिकांनी यावर वाट काढली आहे. परिचयाच्या बाबतीत, पूर्वी खऱ्या ठरलेल्या ज्ञानाच्या जातीचेच हे ज्ञान आहे, एवढ्यावरून अनुमान करता येते. पण आधी ती जात अनुभवाने सिद्ध व्हायला हवी, आणि टेप, ड्राइव्ह, माणसे बदलली की पुन्हा सिद्ध करायला हवी. व्यवहारात सांगायचं तर दर तीन महिन्यांनी काही फाइली आणि वर्षातून एकदा एक संपूर्ण टेप, रिकाम्या यंत्रावर, ज्याने बॅकअप घेतला नाही अशा माणसाने, फक्त लिहून ठेवलेल्या सूचना वाचून उतरवावी. त्याला जिथे कोणाला तरी फोन करावा लागेल, तिथे आपल्या सूचनेत भोक आहे असे समजावे.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे टेप नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण कपाटात एखादी हार्ड डिस्क असेल. मुलांचे फोटो असतील, आईचा आवाज असेल. आज घरी गेल्यावर ती जोडा आणि त्यातली कोणतीही एक फाइल शेवटपर्यंत उघडून पाहा. आता प्रश्न घेऊ.