फुलीच्या भरतकामाचे कापड : कापणी व साठवण

हस्तकलेच्या तासास फुलीचा टाका शिकविताना आपले सारे लक्ष टाक्याकडे असते. टाक्याखालच्या कापडाकडे तितके नसते. काही वर्षांपूर्वी एका शाळेस भेट दिली असता सातवीतील एका मुलीने भरलेला मोर माझ्या पाहण्यात आला. रंगसंगती सुरेख, टाके एकसारखे. परंतु पिसाऱ्याचे टोक थेट कापडाच्या कडेस भिडलेले. कड दुमडण्यास बोटभरही जागा उरली नव्हती. दोन महिन्यांचे ते काम कपाटात पडून राहिले. चूक त्या मुलीची नव्हती. कापड अंदाजाने कापून देणाऱ्यांची होती.

मोजमाप. फुलीचे काम प्रथम घरांनी मोजावयाचे असते, इंचांनी नव्हे. जाळीदार विणीच्या मॅटी कापडावर एका फुलीस एक घर लागते. नमुन्यातील आडव्या व उभ्या फुल्या मोजाव्यात. नंतर कापडावर पट्टी ठेवून एका इंचात किती घरे बसतात ते दोन्ही दिशांनी पाहावे. दोन्हीकडे संख्या सारखी नसेल तर गोल फूल लांबट दिसते. फुल्यांच्या संख्येस इंचातील घरांनी भागले की नक्षीचे माप मिळते. उदाहरणार्थ, 70 आडव्या व 42 उभ्या फुल्यांचा नमुना इंचास 14 घरे असलेल्या कापडावर 5 × 3 इंच होतो. 11 घरांच्या कापडावर तोच सुमारे 6.4 × 3.8 इंच होतो. चारही बाजूंस 2 इंच कापड सोडावे, म्हणजे पहिल्या नमुन्यास 9 × 7 इंचांचा तुकडा लागेल. हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यावे.

मांडणी. समजा, 36 इंच पन्ह्याचे 1 मीटर, म्हणजे सुमारे 39 इंच, कापड आणले. दोन्ही काठ अर्धा-अर्धा इंच सोडल्यास 35 इंच पन्हा उरतो. तुकड्याची 9 इंचांची बाजू पन्ह्याकडे ठेवली तर एका ओळीत 3, असे 5 ओळींत 15 तुकडे निघतात. 7 इंचांची बाजू पन्ह्याकडे ठेवली तर एका ओळीत 5, असे 4 ओळींत 20 निघतात. कापड तेच, केवळ दिशा बदलल्याने पाच मुलांची सोय होते. यास्तव कात्री हाती घेण्यापूर्वी कागदावर आकृती काढावी.

कापणी. रेघ ओढून कापू नये. जेथे कापावयाचे तेथील एक धागा सुईने उचलून हळूहळू ओढून काढावा. त्या मोकळ्या वाटेने धारदार कात्री चालवावी. कड सरळ येते व एकही घर तिरके कापले जात नाही. मॅटीचे धागे लवकर सुटतात, म्हणून भरण्यास आरंभ करण्यापूर्वीच कडेवरून साध्या दोऱ्याने तिरके टाके घालावेत. चिकटपट्टी लावू नये. तिच्या डिंकाचा डाग पुढे निघत नाही.

साठवण. 1904 साली जेथे यंत्रमाग सुरू झाला ती इचलकरंजी आपल्याच जिल्ह्यात आहे. तथापि मॅटी प्रत्येक गावच्या बाजारात मिळतेच असे नाही. म्हणून उरलेले कापड जपणे अगत्याचे ठरते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की घडीच्या कापडास बुरशीचे ठिपके पडतात. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

1. कापड वर्षभर ठेवावयाचे असल्यास त्यातील खळ धुऊन काढावी व ते पूर्ण वाळवावे. खळीवर कसर येते.

2. घडी न घालता गुंडाळी करावी. घडीची रेघ भरलेल्या कामात उठून दिसते.

3. गुंडाळी जुन्या, स्वच्छ सुती फडक्यात बांधावी. वर्तमानपत्राची शाई कापडास लागते, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते.

4. लोखंडी पेटीत आतून कापड अंथरावे, अन्यथा गंजाचे डाग पडतात. पेटी ओल्या भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावी.

5. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळवून पुरचुंडीत बांधून ठेवावा. डांबराच्या गोळ्या मुलांच्या हाती लागू शकतात, म्हणून त्या वापरू नयेत.

6. पाऊस उघडल्यावर गुंडाळ्या सावलीत वारा देऊन पुन्हा बांधाव्यात.

प्रत्येक गुंडाळीस कापडाचे माप, इंचातील घरे व खरेदीचा महिना लिहिलेली चिठ्ठी टाचावी. शिक्षकाची बदली झाली तरी त्या चिठ्ठीवरून पुढील शिक्षकास काम चालविता येते, आणि पालकांना त्याच कापडासाठी पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत.