चाकरमानी परतल्यावरची आवराआवर

गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परतले की कोकणातल्या घरात आवराआवर सुरू होते आणि गाद्या सोडल्या तर ती पितृपक्षाच्या तोंडापर्यंत चालते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या ज्या घरात एरवी दोन-तीन वयस्क माणसे राहतात, तिथे चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून वीस-पंचवीस माणसे मुक्कामाला असतात. ओटी, पडवी, माजघर, माळा, जिथे जागा मिळेल तिथे अंथरूण पडते. गणपती दीड, पाच, सात किंवा अकरा दिवसांचा असतो. रेल्वेची आणि एसटीची परतीची आरक्षणे त्याच हिशेबाने काढलेली असल्यामुळे भरलेले घर एका रात्रीत रिकामे होते. मागे राहतात अंथरुणे, भांडी, माटवीचे सामान, उरलेले अन्न, कचरा आणि घरभर साचलेली ओल.

यातली ओल सर्वांत महत्त्वाची. सिंधुदुर्गात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. भाद्रपदात पावसाचा जोर ओसरत आला तरी हवा दमटच असते. अशा हवेत मळलेली वस्तू चार दिवस तशीच राहिली तर फारसे बिघडत नाही, पण ओली वस्तू दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून इथल्या आवराआवरीचा क्रम ठरलेला आहे. जे कुजणारे ते आधी, जे ओले ते त्यानंतर आणि जे नुसते मळलेले ते शेवटी. हा क्रम कुठे लिहिलेला नाही, घरातल्या बायकांच्या हातात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे.

पहिला दिवस: अन्न आणि निर्माल्य

माणसे घराबाहेर पडल्यावर लगेच केर काढायचा नाही, अशी रीत बहुतेक घरांत पाळतात. गेलेली मंडळी पोहोचल्याचा फोन येईपर्यंत केरसुणीला हात लागत नाही. हा वेळ स्वयंपाकघरात जातो.

निघताना प्रवासासाठी म्हणून वडे, चटणी, भात असे बरेच केलेले असते आणि त्यातले थोडे उरतेच. ओल्या नारळाच्या वाटपाची आमटी दमट हवेत सर्वांत आधी आंबते, म्हणून ती आधी पाहिली जाते. रात्रभर बाहेर राहिलेला भात पुन्हा गरम करून खाणे धोक्याचे असते. शिजवल्यावरही टिकून राहणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू उबदार हवेत भातात वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष उकळूनही जात नाही. असा भात खतात जातो. तळलेले वडे आणि करंज्या कोरड्या डब्यात टिकतात. उकडीचे मोदक आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या मात्र त्याच दिवशी संपवायच्या असतात. केळीची पाने आणि भाज्यांची साले गुरे असलेल्या घरात गुरांपुढे जातात.

विसर्जनाच्या वेळी पाटावरून परत आणलेली वाळू किंवा माती गणपतीच्या जागी ठेवून आरती झालेली असते. ती आणि निर्माल्य यांची व्यवस्था दुसऱ्या दिवशी लावतात. फुले, दुर्वा, पत्री हे सारे माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात पुरतात. निर्माल्य विहिरीजवळ किंवा व्हाळात टाकू नये, कारण ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि पाण्याला वास येतो.

यानंतर माटवी उतरवतात. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घड, कवंडळे, कांगणी, तेरडा आणि इतर रानफुले-फळे बांधलेली असतात. उतरवताना एकाने खालून चौकट तोलून धरायची आणि दुसऱ्याने गाठी सोडायच्या. दोर कापत नाहीत, कारण तोच दोर पुढच्या वर्षी लागतो. नारळ आणि सुपारी बाजूला निघतात, बाकी सारे खतात जाते. रिकाम्या चौकटीचे सांधे कोरड्या फडक्याने पुसून त्यात वाळवी किंवा भुंगा लागला आहे का ते पाहतात आणि मगच ती आढ्याला परत टांगतात. जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवलेले लाकूड वाळवीला सहज सापडते.

भांडी

कोकणातल्या घरात भांड्यांचे तीन गट पडतात. रोजची स्टीलची भांडी, सणासाठी माळ्यावरून काढलेली पितळी-तांब्याची भांडी आणि वाडीतून किंवा शेजारून आणलेले मोठे टोप व पातेली. तिसऱ्या गटाचे काम सर्वांत आधी करतात, कारण सात दिवसांच्या गणपतीचे घर आवरत असते तेव्हा अकरा दिवसांच्या गणपतीच्या घरात त्याच टोपांची गरज असते. भांड्यांवर कोरलेली नावे वाचून ज्याचे त्याला परत केले जाते. आपल्या घरातली वाटी कुणाकडे गेली आणि कुणाचा डाव आपल्याकडे राहिला, हा हिशेबही त्याच दिवशी मिटतो.

चुलीवर चढणाऱ्या टोपाला आधीच बाहेरून चिखलाचा हात दिलेला असेल तर काजळी त्या थरासकट निघते. नसेल तर राख आणि नारळाचे सोडण घेऊन घासावे लागते. लाकडाच्या राखेत क्षार असतात. ते तेलकटपणाशी मिळून साबणासारखे काम करतात. त्यामुळे वड्यांच्या कढईला राख पुरेशी होते. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र राख जास्त वेळ लावून ठेवत नाहीत, क्षाराने तो धातू काळवंडतो आणि झिजतो.

समई साफ करणे हे खास कसबाचे काम आहे. आठवडाभर अखंड तेवलेल्या समईच्या वाटीत तेल घट्ट होऊन पिवळसर चिकट थर बसतो आणि वातीच्या जागी काजळी धरते. समईचे मळसूत्र फिरवून तिचे भाग आधी सुटे करतात. तेलामुळे मळसूत्र अडकले असेल तर सांध्यावर गरम पाणी ओततात, हिसका मारत नाहीत. वाटीतला थर बांबूच्या चोयीने खरवडायचा, सुरीने नाही, कारण पितळेवर पडलेला ओरखडा पुढे कायम काळा दिसतो. मग गरम पाणी आणि राखेने तेल काढायचे आणि त्यानंतरच चिंच किंवा आमसूल लावायचे. हा क्रम उलटा केला तर आंबटाचा परिणाम होत नाही, कारण तेलाच्या थराखाली ते धातूपर्यंत पोहोचतच नाही. चिंचेतले आणि आमसुलातले आम्ल पितळेवरचा काळपट थर विरघळवते आणि धातू उजळतो. मात्र आंबट लावून भांडे तसेच ठेवले तर त्यावर हिरवट डाग पडतात. म्हणून चोळून झाले की लगेच भरपूर पाण्याने धुवायचे आणि कोरड्या सुती फडक्याने पुसायचे. कल्हई केलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला राख-वाळूने घासत नाहीत. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर असतो आणि तो घासून गेला की आंबट पदार्थ थेट पितळेला लागतात.

विळी आणि खवणीचे लोखंड दमट हवेत एका रात्रीत गंजते. धुऊन चुलीजवळ सुकवल्यावर त्यांना खोबरेल तेलाचे बोट फिरवून ठेवतात.

अंथरुणे

सर्वांत जास्त श्रम अंथरुणांना लागतात. गोधड्या, वाकळी, चादरी, सतरंज्या, चटया आणि उशा यांचा ढीग एका खोलीत जमतो. तो ढीग जितका लवकर मोडला जाईल तितके बरे, कारण घडी घातलेल्या दमट कापडात हवा खेळत नाही आणि कुबट वास आतून सुरू होतो.

ढीग मोडताना आधी प्रत्येक गादी-उशीची शिवण पाहतात. प्रवासातल्या पिशव्यांबरोबर ढेकूण येऊ शकतात आणि ते शिवणीच्या पटीत बसतात. पटीत काळे बारीक ठिपके दिसले की ते अंथरूण बाजूला काढून धुता येईल ते उकळत्या पाण्यात टाकायचे. काही महिने उपाशी राहूनही ढेकूण जगू शकतात, म्हणून अंथरूण नुसते गुंडाळून ठेवल्याने ते जात नाहीत.

बाकीच्या कपड्यांच्या तीन वाटण्या करतात. चादरी आणि अभ्रे लगेच धुतात, गोधड्या आणि सतरंज्या नुसत्या हवेशीर करतात आणि कापसाच्या गाद्या खऱ्या उन्हासाठी राखून ठेवतात. चादरींवर हळदीचे डाग हमखास असतात. साबण लागला की ते लाल होतात आणि डाग वाढला असे वाटते. प्रत्यक्षात हळदीतला रंग क्षारात लाल दिसतो, पाण्याने साबण निघाला की पुन्हा पिवळा होतो. तो घासून जात नाही, उन्हाने जातो. ढगाळ हवेतही उघड्यावर दोन-चार वेळा वाळल्यावर तो फिका पडतो.

वाळवण हीच खरी अडचण. भाद्रपदातले ऊन तासाभराचे असते आणि पावसाची सर विचारून येत नाही. म्हणून पडवीत आणि माजघरात टांगलेल्या वलणीवर कपडे वाळतात. जाड गोधडी चुलीवरच्या माळ्याखाली टाकली तर धगीने सुकते, पण तिला धुराचा वास लागतो. त्यापेक्षा ती दोन वलणींवर पसरून दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी टाकणे चांगले. दुमडून एकाच दोरीवर टाकलेली गोधडी मधल्या पटीत ओली राहते आणि बुरशी तिथूनच धरते. हाताला कोरडी लागली तरी घडी घालण्यापूर्वी ती गालाला लावून पाहतात. हाताला न कळणारा थंडावा गालाला कळतो आणि थंडावा म्हणजे आत ओल आहे.

गाद्यांना मात्र हस्त नक्षत्राचा पाऊस सरेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत, थांबावे लागते. तोपर्यंत त्या जमिनीवर न ठेवता बाकावर किंवा खाटेवर उभ्या ठेवतात. कडक ऊन पडले की दोन्ही बाजू उलटसुलट तापवून, काठीने झोडून त्या माळ्यावर जातात. ट्रंकेत ठेवायच्या कपड्यांत निरगुडीचा वाळलेला पाला, वेखंड किंवा कापूर घालतात.

जमीन, न्हाणीघर, कचरा

झाडलोट शेवटी होते. आढ्याच्या कोळिष्टकांपासून सुरू करून खाली यायचे आणि सर्वांत आतल्या खोलीतून दाराकडे यायचे, म्हणजे झाडलेल्या जागेवर पुन्हा पाय पडत नाही. गणपतीच्या जागी फरशीवर सांडलेल्या तेलावर आधी राख किंवा तांदळाचे पीठ पसरतात. ते तेल शोषून घेते. त्यानंतर सोड्याच्या गरम पाण्याने पुसतात. तेलावर थेट पाणी ओतले तर डाग पसरतो आणि पाय घसरतो. मातीच्या जमिनी आता थोड्या घरांत उरल्या आहेत. तिथे शेणाचा पातळ हात फिरवतात. अंगण मात्र पाऊस थांबल्याशिवाय सारवत नाहीत.

न्हाणीघर आणि संडास यांची सफाई करताना एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. दोन-तीन माणसांसाठी बांधलेल्या शोषखड्ड्यावर आठवडाभर पंचवीस माणसांचा भार पडलेला असतो आणि पावसाने भोवतालची जमीनही पाणी धरून असते. अशा वेळी ॲसिड आणि फिनेल भरपूर ओतले तर टाकीतला मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि टाकी तुंबते. ब्रश आणि साधा साबण वापरून पुढचे काही दिवस पाणी बेताने सोडणे हा उपाय सुरक्षित असतो.

सुका कचरा हा गेल्या काही दशकांत वाढलेला भाग आहे. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्या-सजावटीवर बंदी आली. त्यामुळे थर्माकोलची मखरे कमी झाली, पण पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि मिठाईचे खोके येतातच. लहान वाड्यांत कचऱ्याची गाडी रोज येत नाही. हा कचरा परसात जाळला तर त्याचा विषारी धूर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्याच छातीत जातो. तो धुऊन, सुकवून गोणीत भरायचा आणि ग्रामपंचायतीच्या संकलनात द्यायचा. सर्वांत चांगले म्हणजे परतणाऱ्या मंडळींनी तो स्वतःबरोबर शहरात न्यायचा.

कामाची वाटणी

या आवराआवरीचा भार बहुतांशी गावी राहणाऱ्या साठी-सत्तरीतल्या बायकांवर पडतो. सणाचा स्वयंपाक आणि पाहुण्यांची उठबस त्यांनीच केलेली असते आणि त्यावर हे काम येते. पुढे आठवडाभरातच पितृपक्ष लागतो आणि घरात म्हाळाच्या पंगती उठायच्या असतात. गुडघे दुखत असताना पाण्याने जड झालेल्या चादरी पिळणे हे काम लहान नाही, आणि ते कुणाला दिसत नाही म्हणून त्याची दखल घेतली जात नाही.

यातला निम्मा भार निघणाऱ्यांना उचलता येतो. आपापल्या अंथरुणाचे अभ्रे-चादरी काढून एका जागी ठेवणे, गोधड्या वलणीवर टाकणे, माटवी उतरवायला दोन उंच माणसांनी थांबणे, मोठे टोप घासून शेजारी पोहोचवणे आणि जड गाद्या बाकावर चढवणे ही कामे तरुण हातांना दोन-तीन तासांची असतात. काही घरांत एक भाऊ किंवा एक सून दोन दिवस मागे राहते. ही पद्धत सगळ्यांनी आलटून पालटून पाळली तर कुणा एकीच्या रजेवर ताण येत नाही.

ज्या घरात गावी कुणीच राहत नाही, तिथे सगळे काम कुलूप लावण्यापूर्वीच पुरे करावे लागते. फ्रीज रिकामा करून, आतून पुसून, दार किंचित उघडे राहील असे लाकूड लावून ठेवायचे. गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा, विजेचा मुख्य खटका पाडायचा, धान्य झाकणाच्या डब्यात भरायचे आणि एकही ओले फडके घरात ठेवायचे नाही. किल्ली शेजाऱ्यांकडे राहते. पावसानंतरच्या पहिल्या कडक उन्हात दारे-खिडक्या दिवसभर उघडून गाद्या बाहेर काढण्याचे काम त्यांच्यावर सोपवतात किंवा त्यासाठी दिवाळीपूर्वी कुणीतरी एक फेरी मारते. ते ऊन लागले आणि गाद्या माळ्यावर गेल्या की गणपतीची आवराआवर पुरी होते.