पुढचं चाक, मागचं चाक



आमच्या मोशीच्या प्रदर्शन मैदानावर डिसेंबर महिन्यात ‘किसान’ हे शेतकी प्रदर्शन भरते. तिथे ट्रॅक्टरांच्या रांगेपुढे पोराटोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: “याची मागची चाकं एवढी मोठी अन् पुढची लहान का?” प्रश्न पोरकट नाही. मागच्या चाकांना नांगर ओढायचा असतो आणि मऊ रानात रुतायचे नसते, म्हणून ती उंच आणि रुंद. पुढच्या चाकांचे मुख्य काम वळण्याचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाडीचीही पुढची चाके लहान असत, कारण लहान चाक गाडीच्या पेटीखाली सहज वळते. थोडक्यात, काम वेगळे म्हणून चाक वेगळे.

मग जुन्या मोटारीला पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे टायर घातले, तर बिघडले कुठे? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हे विचारले. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाटला १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणू लागले. त्यातली वडिलांनी जपलेली एक गाडी त्याच्याकडे आहे. “सर, मागं जरा रुंद टायर टाकले तर गाडी रुबाबदार दिसंल,” तो म्हणाला.

आधी टायरवरचे आकडे वाचू. पद्मिनीच्या जुन्या टायरवर ५.२०-१४ असे असे. म्हणजे टायरची रुंदी ५.२० इंच आणि रिमचा व्यास १४ इंच. नव्या टायरवर १६५/८० आर १४ असे काहीसे असते. रुंदी १६५ मिलिमीटर. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२. आणि रिम १४ इंची. दोन भिंती आणि रिम मिळून चाकाची उंची झाली सुमारे ६२० मिलिमीटर. त्याऐवजी मागे १८५/८० आर १४ घातला, तर उंची होते सुमारे ६५२.

वाढ अवघी दोन बोटांची. पण तिचा हिशेब द्यावा लागतो. पद्मिनीला इंजिनाची ओढ मागच्या चाकांना असते आणि वेगाचा काटाही त्यांच्याच फेऱ्यांवर चालतो. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी खरी ६३ च्या वेगाने जात असेल. चढावर इंजिनाला जास्त कष्ट. मागली बाजू उचलली जाऊन दिव्यांचा झोत थोडा खाली पडेल. गाडी भरली की टायर मडगार्डला घासण्याचे भय. शिवाय स्टेपनी एकच. ती पुढची ठेवायची की मागची?

जाणत्या कारखानदाराने हे कसे साधले ते पाहा. पोर्शच्या १९७३ च्या कॅरेरा आर. एस. मोटारीचे इंजिन मागे, तेव्हा भारही मागे. तिला पुढे १८५/७० आणि मागे २१५/६० असे १५ इंची टायर दिले. पुढच्याची भिंत १२९.५ मिलिमीटर, मागच्याची १२९. रुंदी वाढली, पण उंची जवळजवळ तीच राहिली! ही खरी युक्ती.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पकडीची. वळणावर पुढच्या चाकांची पकड सुटली, तर गाडी सरळ जाऊ पाहते. वेग कमी केला की चाके बहुधा पुन्हा रस्ता धरतात. मागच्या चाकांची सुटली, तर गाडीची शेपूट पुढे यायला बघते आणि गाडी भिंगरीसारखी फिरते. म्हणून चांगली पकड मागे हवी.

जुन्या टायरातले धागे बाजेच्या विणीसारखे तिरपे, एकमेकांवरून गेलेले असत. मिशलँ कंपनीने १९४६ साली पेटंट घेतलेल्या रेडियल टायरात ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे सरळ जातात, आणि वर पट्ट्यांचा कमरबंद असतो. त्यामुळे रेडियल वळणावर रस्ता अधिक घट्ट धरतो. एकाच आसावर हे दोन प्रकार कधीही घालू नयेत. दोन आसांवर वेगळे घालण्याची वेळ आलीच, तर रेडियल मागे.

आमच्या विद्यार्थ्याने नेमके उलट केले होते. “स्टिअरिंग पुढं, म्हणून नवे रेडियल पुढं,” असा त्याचा हिशेब. पहिल्या पावसात देहू-आळंदी रस्त्याच्या एका वळणावर गाडी आडवी झाली. मागे आई बसलेली. शंभर पावलांवर एक दिंडी विसावली होती. कुणाला काही झाले नाही, ही पांडुरंगाची कृपा. दुसऱ्या दिवशी त्याने चारही टायर एका जातीचे, एका मापाचे घेतले. रुबाबाचे नाव पुन्हा काढले नाही.

शेतकरी बंधूंनाही यातून घेण्यासारखे आहे. चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरात पुढच्या-मागच्या चाकांच्या मापांचा मेळ गिअरांच्या दातांशी घातलेला असतो. स्वस्तात मिळाला म्हणून एकाच आसाचा टायर भलत्या मापाचा घातला, तर दोन आस एकमेकांशी झगडतात. टायर झिजतात, गिअर तुटतात. जुन्या जीपला तर चारही चाके एकाच उंचीची हवीत.

तेव्हा टायर घेताना कारखान्याचे पुस्तक आधी उघडा. मूळ बांधणीत फेरबदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मर्यादाही घातलेली आहे. शिक्षक मित्रांनी वर्गात टायरच्या आकड्यांवरून चाकाची उंची काढायचे गणित जरूर घालावे. पोरे ते आवडीने सोडवतील, आणि घरी जाऊन बापाच्या ट्रॅक्टरचे टायर वाचून येतील.