उंग्वारे, एमिली काम

(सु. १९१० – सप्टेंबर १९९६). ऑस्ट्रेलियातील अन्मात्येर जमातीची आदिवासी चित्रकर्त्री. वयाच्या ऐंशीव्या वर्षाच्या सुमारास तिने प्रथम कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंगांनी चित्र काढले आणि त्यानंतरच्या सु. आठ वर्षांत, मृत्यूपर्यंत, सु. तीन हजार चित्रे निर्माण केली. विसाव्या शतकातील ऑस्ट्रेलियन चित्रकलेत तिची गणना अग्रगण्य कलावंतांत होते. तिच्या चित्रांत वरवर पाहता ओळखू येण्याजोग्या आकृती नाहीत. ठिपके, रेषा आणि रंगांचे पुंजके एवढेच दिसते. त्यामुळे पाश्चात्त्य समीक्षकांनी तिला प्रारंभापासूनच अमूर्त चित्रकारांच्या पंक्तीत बसविले. तिच्या स्वतःच्या दृष्टीने मात्र ही चित्रे म्हणजे एक विशिष्ट भूमी, त्या भूमीतील वनस्पती व प्राणी आणि त्यांच्यासंबंधीचे वंशपरंपरागत विधी यांचेच रूप होते.

तिचा जन्म नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील अल्हल्केरे येथे झाला. हे स्थळ ॲलिस स्प्रिंग्झ शहराच्या ईशान्येस सु. २५० किमी.वर, वाळवंटी भागात आहे. तेथे खडकाची एक नैसर्गिक कमान असून तिला आरपार भोक आहे. एमिलीने लहानपणी टोचून घेतलेले नाक हे त्या कमानीचेच प्रतीक मानले जाते. अल्हल्केरे ही तिच्या पित्याकडून आलेली भूमी. ‘उंग्वारे’ हे यूरोपीय अर्थाने आडनाव नव्हे. जमातीच्या नातेसंबंधांच्या व्यवस्थेतील एका गटाचे ते नाव असून कोणाशी विवाह करावयाचा, कोणाशी कोणते नाते मानावयाचे, हे त्यावरून ठरते. ‘काम’ हे तिचे स्वतःचे नाव. स्थानिक भाषेत ‘अन्वर्लार’ या कंदवेलीच्या बियांना व शेंगांना काम म्हणतात. ही वेल विग्ना या प्रजातीतील म्हणजे मूग, उडीद व चवळी यांच्या कुळातली आहे. जमिनीखाली तिची मुळे दूरवर पसरतात व ती फुगू लागली की, वरच्या मातीला भेगा पडतात. त्या भेगांवरून कंद कोठे आहे ते ओळखून स्त्रिया टोकदार काठीने तो उकरून काढतात. एमिलीची उत्तरकालीन चित्रे समजून घेण्यास ही माहिती कोणत्याही कलाविषयक सिद्धांतापेक्षा अधिक उपयोगी पडते.

तिच्या कलेचा उगम ‘अवेल्ये’ या स्त्रियांच्या विधीत आहे. अवेल्ये हा शब्द विधी, त्यातील गीते, नृत्य आणि शरीरावर काढावयाच्या आकृती या सर्वांना मिळून वापरला जातो. विधीच्या वेळी स्त्रिया एकमेकींच्या छातीवर, स्तनांवर व दंडांवर प्राण्यांची चरबी चोळतात आणि तीवर गेरू, पिवडी, पांढरी माती व कोळशाची पूड यांनी बोटाने किंवा काडीने समांतर रेषा ओढतात. रंगकाम चालू असताना गाणे चालूच असते. किंबहुना रेषा गाण्याबरोबर ओढली जाते. प्रत्येक आकृती एखाद्या स्थळाची व त्या स्थळाशी निगडित असलेल्या पूर्वजाची असते. हा पूर्वज एमू पक्षी, सरडा, कंदवेल किंवा गवताचे बी अशा कोणत्याही रूपाचा असू शकतो. अशा पूर्वजांनी भूमीला आकार दिला व तिच्यासाठी आचार घालून दिले, ही अन्मात्येरांची श्रद्धा आहे. तिच्यासाठी रूढ झालेला ‘स्वप्नकाल’ हा शब्द काहीसा फसवा आहे, कारण हा काळ होऊन गेलेला नसून विधी यथासांग होत राहिला तर तो चालूच राहतो, असे ते मानतात. आकृती वाटेल त्याने काढावयाची नसते. ती काढण्याचा अधिकार कुळाकडून येतो आणि तो वडीलधाऱ्या स्त्रियांकडून शिकून घ्यावा लागतो. एमिली ही अल्हल्केरेच्या अवेल्येतील ज्येष्ठ व जाणती स्त्री होती. म्हणजे कॅनव्हासपुढे प्रथम बसली तेव्हा ती नवशिकी नव्हती. तिच्या हाताला रेषेचा काही दशकांचा सराव होता.

तिच्या बालपणीच, १९२० नंतरच्या दशकात, गोऱ्या वसाहतकारांनी या भूमीवर गुरांचे मोठे कुरण थाटले आणि त्याला ‘युटोपिया’ असे नाव दिले. आदर्श राज्याचे हे नाव ज्यांची भूमी गेली त्यांच्या वाट्याला कोणत्या अर्थाने आले, हे सांगावयास नको. एमिलीने गुराढोरांच्या कुरणांवर मजुरी केली व उंटांचे तांडेही हाकले. १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासी भूमिहक्काचा कायदा झाला आणि युटोपियाच्या लोकांनी आपल्या भूमीवर दावा सांगितला. या कायद्यानुसार दावेदारांना कागदपत्रे नव्हे, तर त्या भूमीतील पवित्र स्थळांशी असलेला आपला वंशागत व आध्यात्मिक संबंध सिद्ध करावा लागे. गीते, नृत्ये व अंगावरील आकृती हाच त्यांचा दस्तऐवज होता. १९७९ मधील सुनावणीत युटोपियाच्या स्त्रियांचे अवेल्ये अशा पुराव्याचा भाग ठरले व पुढे जमिनीचा कायदेशीर ताबा त्यांना मिळाला. तिच्या पुढील चित्रांमागे हा अनुभव आहे. ज्या रेषांनी भूमी परत मिळविण्यास साहाय्य केले, त्याच रेषा पुढे कॅनव्हासवर आल्या.

मध्य ऑस्ट्रेलियातील आधुनिक आदिवासी चित्रकलेचा प्रारंभ १९७१ मध्ये पापुन्या या वस्तीत झाला. परंतु तेथे प्रथम रंगवू लागले ते पुरुष. युटोपियात आरंभ केला तो स्त्रियांनी आणि तोही कापडावर. १९७७ पासून तेथे प्रौढ शिक्षणाच्या वर्गांतून बाटिक शिकविले जाऊ लागले. हे मूळचे जावा बेटावरील तंत्र दक्षिण ऑस्ट्रेलियातील एर्नाबेला येथील आदिवासी स्त्रियांनी अगोदरच आत्मसात केले होते. वितळलेल्या मेणाने कापडावर आकृती काढावयाची, कापड रंगात बुडवावयाचे व मग मेण उकळून काढावयाचे, अशी ही पद्धती आहे. एमिली सु. अकरा वर्षे हे काम करीत होती. मेणाचा ठिपका क्षणात थिजतो, चुकीची दुरुस्ती होत नाही. हाताचा जो वेग व निःशंकपणा तिच्या चित्रांत दिसतो, तो या शिस्तीतून काही अंशी आला असावा. मेण उकळण्याचे व कापड धुण्याचे कष्ट आपल्याला नकोसे झाले होते, असे तिने स्वतःच सांगितले आहे. १९८८-८९ च्या उन्हाळ्यात युटोपियाच्या स्त्रियांना कॅनव्हास व ॲक्रिलिक रंग देण्यात आले. एमिलीचे एमू वुमन हे चित्र त्या वेळचे. त्यात स्तनांवर रेखाटावयाच्या रेषा तळाशी असून त्यांवर ठिपक्यांचे थर आहेत. १९९० मध्ये सिडनी येथे तिचे पहिले एकल प्रदर्शन भरले.

एवढ्या अल्प काळात तिची शैली अनेकदा बदलली, हे तिच्या बाबतीतील मोठे आश्चर्य होय. आरंभीच्या चित्रांत कंदाच्या मुळांचे रेषाजाल खाली आणि बारीक ठिपक्यांचे दाट आवरण वर, अशी रचना आढळते. १९९२ नंतर ठिपके मोठे होत गेले आणि कुंचल्याच्या ठोशांनी उमटू लागले. द अल्हल्केरे स्वीट (१९९३) हे बावीस चित्रफलकांचे चित्र आणि अर्थ्‌स क्रिएशन (१९९४) हे सव्वासहा मीटरांहून अधिक रुंदीचे चित्र या काळातील आहे. दुसऱ्यात पावसानंतर वाळवंट हिरवे-पिवळे होते, तो ऋतू आहे. त्याच सुमारास ती अंगावरील रेषांकडे परतली व केवळ समांतर पट्ट्यांची चित्रे काढू लागली. बिग याम ड्रीमिंग (१९९५) हे मात्र तिचे सर्वोत्कृष्ट चित्र म्हणावे लागेल. सु. तीन मीटर उंच व आठ मीटर रुंद अशा काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगाची अखंड वळणारी, गुंतणारी रेषा, एवढेच त्यात आहे. कंदाची मुळे, भुईच्या भेगा आणि विधीतील देहरेखा यांपैकी ती रेषा नेमके काय आहे, हे विचारण्यात अर्थ नाही, कारण अन्मात्येरांच्या लेखी या तीन निरनिराळ्या गोष्टी नाहीत. एमिली कॅनव्हास जमिनीवर अंथरी व त्याच्या कडेला, मोठा असल्यास त्याच्यावरच, मांडी घालून बसे. वाळूत बोटाने रेघोट्या ओढून गोष्ट सांगण्याची व कंद उकरण्याची बैठकही हीच.

तिच्या चित्रांची मोने, पॉलक प्रभृतींशी तुलना वारंवार झाली आहे. दृक्प्रत्ययवाद किंवा अमूर्त अभिव्यक्तिवाद यांच्याशी तिचा काहीही संबंध आलेला नव्हता, एवढे सांगून ही तुलना संपत नाही. कारण रंगसंगती व अवकाशाची जाण या बाबतींत ती चित्रे कोणत्याही संग्रहालयात आपल्या बळावर उभी राहतात. दुसरीकडे, केवळ मानववंशशास्त्रीय नमुने म्हणूनही त्यांचा विचार करता येत नाही, कारण परंपरेने दिलेली आकृती तिने जशीच्या तशी गिरविलेली नाही. आपल्या चित्रांत काय आहे, असे विचारले असता ती ‘सगळे काही’ अशा आशयाचे उत्तर देई आणि कंद, सरडा, गवताचे बी, एमू अशी नावे सांगत जाई. हे उत्तर पुष्कळांना मोघम वाटले. वस्तुतः ती आपल्या अवेल्येची नेमकी यादी होती.

कीर्तीबरोबर ताणही आला. १९९२ मध्ये तिला ऑस्ट्रेलियन शासनाची सर्जनशील कलावंतांसाठीची अधिछात्रवृत्ती मिळाली, तेव्हा चित्रे काढणे थांबविण्याची इच्छा तिने व्यक्त केली होती. ते शक्य झाले नाही. अनेक विक्रेते तिच्याकडून चित्रे मागत आणि मिळालेला पैसा आप्तांत वाटून द्यावयाचा, हा जमातीचा धर्म असल्याने तिच्या कमाईवर मोठा गोतावळा अवलंबून होता. यातून काही चित्रे घाईची झाली, काहींच्या अस्सलपणाबद्दल वाद निर्माण झाले. अर्थ्‌स क्रिएशन २००७ मध्ये १०,५६,००० ऑस्ट्रेलियन डॉलरना व २०१७ मध्ये २१ लाख डॉलरना विकले गेले. पहिल्या विक्रीच्या वेळी पुनर्विक्रीच्या रकमेत कलावंताच्या वारसांना वाटा देणारा कायदाही ऑस्ट्रेलियात नव्हता. तो २०१० मध्ये अमलात आला.

मृत्यूपूर्वी काही आठवडे तिने तीन दिवसांत चोवीस लहान कॅनव्हास रंगविले. कॅनव्हासला अस्तर देण्याचा रुंद, सपाट कुंचला तिने त्यासाठी वापरला. ठिपके व रेषा दोन्ही त्यांत नाहीत, केवळ रंगांचे रुंद पट्टे आहेत. ॲलिस स्प्रिंग्झ येथे तिचे निधन झाले. १९९७ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात तिच्या व अन्य दोन आदिवासी स्त्री-कलावंतांच्या कलाकृतींनी ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व केले. २००८ मध्ये ओसाका व टोकिओ येथे तिची मोठी प्रदर्शने झाली. २०२३-२४ मधील कॅनबरा येथील राष्ट्रीय कलावीथीचे प्रदर्शन युटोपियातील स्त्रियांच्या सहकार्याने सिद्ध झाले होते. त्या वेळी तिच्या नावाचे रोमन लेखनही अन्मात्येर उच्चारानुसार सुधारण्यात आले. पुढे २०२५ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयातही तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. एमिलीला अपत्य नव्हते. मात्र तिच्या भाच्या-पुतण्यांच्या पिढीतील ग्लोरिया पेत्यारे, कॅथलीन पेत्यारे व बार्बरा विअर यांनी चित्रकर्त्री म्हणून नाव मिळविले. त्यांपैकी ग्लोरिया हिला निसर्गचित्रासाठी दिले जाणारे विन पारितोषिक १९९९ मध्ये मिळाले.